परक्या पंगतीतले पान

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला 'माझा जपानचा प्रवास' असा विषय नेमून दिला होता. परंतु प्रवास म्हणावा असा मी फारसा केलेलाच नाही. मुलाकडे नव्वद दिवसांच्या परवान्यावर गेले, आणि त्यातले ऐंशी दिवस स्वयंपाकघरात, वाणसामानाच्या दुकानात आणि नातीच्या शाळेच्या वाटेवर गेले. फुजी पर्वत पाहिला तो आगगाडीच्या खिडकीतून, आणि तोही कमरेपासून वर ढगात होता. तेव्हा मी आपली खाण्यापिण्याविषयीच बोलणार आहे. आज तिळगूळ वाटावयाचा दिवस, म्हणजे विषय अगदीच अस्थानी होणार नाही.

माझा मुलगा तोक्यो शहराच्या पूर्व बाजूस एदोगावा म्हणून भाग आहे, तेथे राहतो. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आपल्याकडची पुष्कळ मंडळी तेथे गेली आणि बिऱ्हाडे थाटून राहिली. २०१९ साली तर त्या भागाच्या नगरसभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडूनही आले. त्यामुळे तुरीची डाळ, हिंग, पोहे, कणीक यांपैकी कशावाचून अडले नाही. अडले ते निराळ्याच ठिकाणी. त्याकडे मी वळतेच, पण आधी थोडी गंमत सांगते.

तेथली मिठाईची दुकाने पाहिली की डोळे निवतात. एकेक वडी म्हणजे जणू फूल, पान, फळ. हॉटेलांच्या काचेतही पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. पूर्वी मेणाच्या करीत, आता प्लास्टिकच्या. इवाझाकी ताकिझो नावाच्या गृहस्थाने १९३२ साली ओसाका शहरात हा धंदा सुरू केला आणि तो देशभर पसरला. मी पहिल्या आठवड्यात जे खाल्ले त्यातले निम्मे पदार्थ काचेतच अधिक चांगले होते, असे म्हटले तर यजमानांनी रागावू नये.

मुलाने पहिल्या दिवशी चहाबरोबर एक गोल, तुकतुकीत पाव पुढे ठेवला. आत काळसर काहीतरी भरलेले. मी समजले चॉकलेट असेल. घास घेतला तर चॉकलेट नाही. आणि मग जीभ म्हणू लागली, अगं हे तर पुरण! पण पुरण म्हणून चाखावे तर त्यात वेलची नाही, जायफळ नाही, गूळ नाही. नुसते कडधान्य आणि साखर. लग्नघरात गेलो आणि नवरीच आली नाही, अशी माझी अवस्था झाली. त्या सारणाला 'आन' किंवा 'आन्को' म्हणतात. 'आझुकी' नावाचे चवळीच्या कुळातले तांबडे, बारीक कडधान्य शिजवून, साखर घालून, आटवून ते करतात. भरड ठेवलेले निराळे आणि चाळणीतून घासून मऊ केलेले निराळे. आपण पुरणयंत्र फिरवतो तीच मेहनत तीही माणसे करतात. पावाला तेथे 'पान' म्हणतात. आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान' हे दोन्ही शब्द पोर्तुगीज लोकांनी दिलेले. तेच लोक गोव्यात उतरले आणि तेच पुढे जपानात गेले. १८७४ मध्ये तोक्योच्या गिंझा पेठेतल्या किमुराया या दुकानाने पावात पुरण भरले आणि त्याचे नाव झाले 'आनपान'. आता अन्नपान म्हणजे खाणेपिणे हे आपल्याला ठाऊकच आहे. शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण मला मात्र त्या नावाने घरी आल्यासारखे वाटले. पुढे पुढे मी तो पाव आवडीने खाऊ लागले. वेलचीची पूड मात्र वरून घालीत असे.

कोन्न्याकु नावाचा एक पदार्थ असतो. राखाडी रंगाची, थुलथुलीत वडी, वास नाही की चव नाही. चावताना दातांशी कुस्ती खेळते. सूनबाई म्हणाली, "आई, हा शाकाहारी आहे, निःशंक खा." शाकाहारी होता हे खरे. पण एखादा पदार्थ नुसता निर्दोष आहे म्हणून किती खावा? चौकशी करता कळले की तो आपल्या सुरणाच्या सख्ख्या भावंडाच्या कंदापासून करतात. सुरण खाजू नये म्हणून आपण चिंच किंवा आमसूल घालतो. ते त्या कंदाचे पीठ चुन्याच्या निवळीत शिजवतात. दोन देशांतल्या बायकांनी एकाच खाजऱ्या कंदावर दोन निरनिराळे उपाय काढले, हे कळल्यावर मला त्या वडीविषयी आदर वाटू लागला. चव काही वाढली नाही.

नात्तोविषयी आपण पुष्कळ जणींनी ऐकले असेल. आंबवलेले सोयाबीन, ढवळले की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात आणि वास पायमोज्यांचा येतो. पूर्वेकडचे जपानी लोक रोज सकाळी भातावर घालून खातात. पश्चिमेकडचे पुष्कळसे नाक मुरडतात. म्हणजे नावे ठेवायला परदेशीच लागतात असे नाही. आणि आपण तरी कशाला नावे ठेवावी? नागालँडात अखोनी, मणिपुरात हवाइजार, सिक्कीमात किनेमा ही सगळी आंबवलेल्या सोयाबीनचीच रूपे आहेत. आपल्याच देशाच्या एका टोकाला जो पदार्थ सणासुदीचा, तो दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांच्या भांडणाचे कारण होतो. दिल्लीला भाड्याने राहणाऱ्या ईशान्येकडच्या मुलामुलींना घरमालक या वासावरून किती त्रास देतात, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे. तेव्हा नात्तोचा मी एक घास घेतला, पाणी प्यायले आणि विषय संपवला.

आता त्यांच्या बाजूनेही सांगायला हवे. मुलाच्या शेजारच्या बिऱ्हाडात ऐंशी उलटलेल्या एक आजीबाई एकट्याच राहतात. माझी आणि त्यांची चांगली गट्टी जमली. दुभाषाचे काम माझी सात वर्षांची नात करी. ती शाळेत गेलेली असली की फोन करी. फोन माझ्या वाक्यांचे काय करी देव जाणे, कारण 'कुकराच्या तीन शिट्ट्या होऊ द्या' या वाक्यावर त्या बराच वेळ हसत होत्या.

त्या आजीबाईंना मी एका चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. साबुदाण्यासारखे दाणे त्यांना ठाऊक होते, पण दुधाच्या गोड चहात घातलेले. तेच तिखट-मिठाचे, दाण्याच्या कुटात परतलेले पाहून त्या चकित झाल्या. मग विचारले, "हे कशासाठी केले?" नातीने सांगितले, "आज आजीचा उपवास आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिले, खिचडीकडे पाहिले, आणि अगदी अदबीने विचारले, "मग उपवास कधी सुरू होणार?" भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आपणांपैकी कोणाला येत असेल तर हात वर करावा.

पुरणपोळी त्यांना आवडली, पण वेलचीला औषधाचा वास येतो असे त्या म्हणाल्या. हिंगाच्या फोडणीच्या वेळी त्या आपली खिडकी हळूच लावून घेत. आणि खीर? भातात दूध आणि साखर घातली हे ऐकूनच त्यांचा चेहरा नात्तो खातानाच्या माझ्या चेहऱ्यासारखा झाला. दूधभातावर, दहीभातावर आपली पोरे वाढली, पण त्यांना तांदूळ आणि दूध ही जोडी म्हणजे अब्रह्मण्यम्! तांदूळ गोड चालत नाही असे मात्र नाही. सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास त्यांच्याकडे पितरांचे दिवस असतात. तेव्हा चिकट भाताचे गोळे करून त्यांवर तेच आझुकीचे पुरण थापतात आणि घरातल्या पितरांपुढे ठेवतात. त्याला 'ओहागी' म्हणतात. आजीबाईंनी आपल्या यजमानांच्या तसबिरीपुढे ठेवून मग आम्हाला चार आणून दिले. आपला पितृपंधरवडा त्याच महिन्यात. वडे-खीर आणि ओहागी यांची आम्ही अदलाबदल केली. खीर त्यांनी खाल्ली की नाही हे मी विचारले नाही.

जेवणाचे शिष्टाचार त्यांनीच मला आधी समजावून दिले. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोवायच्या नाहीत, कारण तसा भात मृताला दाखवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. ऐकताना मला मुळीच परके वाटले नाही. दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये, तीन पोळ्या वाढू नयेत, हे ऐकतच आपण वाढलो. वाडगा उचलून तोंडाशी नेणे जपानात रीतीचे. समुद्रापलीकडच्या कोरियात तेच अशिष्ट. शेवया भुरकताना आवाज केला तर कोणी डोळे वटारीत नाही, आणि आमच्याकडे पाहुण्यांसमोर ताक भुरकले म्हणून मी लहानपणी धपाटा खाल्लेला.

असो. आता अडले कोठे ते सांगते.

आमचे घर शाकाहारी. सूनबाई तर माळकऱ्यांच्या घरची. तिच्या माहेरी चार पिढ्यांत अंडेसुद्धा शिवलेले नाही. जपानात 'मांस नको' असे सांगितले की वाढणारा मोठ्या आनंदाने मान डोलावतो आणि मासा आणून ठेवतो. त्याचाही दोष नाही. इ. स. ६७५ मध्ये तेम्मू नावाच्या सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्याला मनाई केली. बौद्ध धर्माच्या प्रभावाने पुढे शतकानुशतके चतुष्पादांचे मांस उघडपणे खाणे तेथे कमीपणाचे समजत, आणि १८७२ साली मेजी सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ले तेव्हा त्याची केवढी तरी बातमी झाली. पण या सगळ्या काळात मासा मांसात धरलेलाच नव्हता. आपल्याकडच्या सारस्वत आणि बंगाली भगिनींना हे सहज समजेल.

आणि मासा दिसत असता तर टाळताही आला असता. तो दिसत नाही. कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरावर वाळवून, त्यावर बुरशी चढवून लाकडासारखा टणक करतात. मग सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने त्याच्या सालपट्या काढतात. आपल्या लक्षद्वीप बेटांवरही असा मासा वाळवतात. या सालपट्या गरम पाण्यात घालून गाळून घेतलेला अर्क म्हणजे 'दाशी'. ही दाशी आमटीत, भाजीत, शेवयांत, लोणच्यातसुद्धा असते. आपल्याकडे फोडणी, तशी त्यांच्याकडे दाशी. देवळांतून मात्र भिक्षूंसाठी निराळा स्वयंपाक असतो. त्यात दाशी समुद्रातल्या कोम्बु नावाच्या शेवाळाची किंवा वाळवलेल्या अळंब्यांची, आणि कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्यांनी डोळे मिटून जेवावे असा. याच कोम्बुचा अर्क काढून इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी १९०८ साली त्यातली चव देणारा क्षार शोधून काढला, आणि दुसऱ्या वर्षापासून तो अजिनोमोतो या नावाने विकावयास आला. आपल्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर जो डबा दिसतो तो मूळचा शेवाळातला, हे मला तेथे गेल्यावर कळले. परंतु देवळातला स्वयंपाक देवळात. शाळेत दाशी माशाचीच.

आणि माझी नात तेथल्या सरकारी शाळेत दुसरीत.

तिथल्या शाळेतले जेवण ही खरोखर पाहण्यासारखी गोष्ट आहे. १८८९ साली त्सुरुओका या गावी एका देवळात चालणाऱ्या शाळेने गरीब मुलांना भाताचे गोळे आणि खारवलेला मासा द्यायला सुरुवात केली, तेथून ही प्रथा निघाली; १९५४ मध्ये तिचा कायदा झाला. जेवणघर वेगळे नाही, वर्गातच जेवायचे. पाळीची मुले पांढरे झगे, टोप्या आणि तोंडावर फडकी बांधून गाडा ढकलत आणतात आणि ओगराळ्याने सर्वांना वाढतात. गुरुजीही तेच जेवतात. सर्वांची पाने वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. मग हात जोडून एका सुरात 'इतादाकिमास' म्हणायचे. 'नम्रपणे स्वीकारतो' असा त्याचा अर्थ. आपण चित्राहुती घालून, श्लोक म्हणून जेवतो त्याचीच ही बहीण. महिन्याचा तक्ता आधी घरी येतो. त्यात रक्तमांस वाढवणारे पदार्थ तांबड्या रकान्यात, शक्ती देणारे पिवळ्यात, प्रकृती ठीक ठेवणारे हिरव्यात. मी चाळीस वर्षे संसार केला, पण असा तक्ता मला कोणी दिला नाही.

माझी नात घरून डबा नेत असे. पोळीभाजी, कधी थालीपीठ, कधी आंबेमोहोराचा भात. शाळेची त्याला ना नव्हती, मुलेही चिडवीत नसत. तरी पण ऑक्टोबरात डबा अर्धा परत येऊ लागला. सूनबाई रागावली, मुलाने लाडीगोडी केली, पोर काही बोलेना. एके दिवशी शाळेतून परत येताना वाटेत ती आपण होऊन मला म्हणाली, "आजी, आज माझी वाढायची पाळी होती. मी सगळ्यांना आमटी वाढली. मी सगळ्यांना वाढते आणि मला कोणीच वाढत नाही."

मैत्रिणींनो, या वाक्याचा अर्थ तुम्हाला उलगडून सांगायला नको. ओगराळे हातात घेऊन दुसऱ्यांच्या पंगती उठवायच्या आणि मग उरलेल्या स्वयंपाकाशी मागून एकटीने बसायचे, हे आपल्यातल्या निम्म्या जणींनी केलेले आहे. माझ्या सासूबाईंनी तर जन्मभर केले. सात वर्षांच्या पोरीने ते दूरदेशी जाऊन करावे हे मला सोसवेना.

त्या रात्री घरात बोलणे झाले. मुलगा म्हणाला, "सगळे खाऊ दे तिला, देश तसा वेष." सूनबाई म्हणाली, "खाणे म्हणजे वेष नव्हे. वेष संध्याकाळी उतरवून ठेवता येतो." तिचे म्हणणे मला बिनतोड वाटले, आणि मुलाने ते हसण्यावारी नेले याचा राग आला. बाहेर काय खायचे हे पुरुष सहज ठरवतात. घरात व्रत राखायचे ते बायकांनी. मग दोघेही माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, दोन दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजीबाईंकडे गेले. त्यांना हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी स्वतःची सांगितली. युद्धानंतरच्या टंचाईत त्या प्राथमिक शाळेत होत्या. अमेरिकेच्या गव्हाचा पाव आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी पाण्यात कालवून रोज देत. भात शाळेच्या जेवणात रीतसर आला तो १९७६ साली, तोपर्यंत पावच. त्या दुधाला असा वास येई की मुले नाक दाबून पीत, आणि पेला रिकामा झाल्याशिवाय त्यांच्या वर्गातून कोणाला उठू देत नसत. त्या म्हणाल्या, "त्या दुधाने आम्ही जगलो. आणि आजही मी दुधाचा पेला तोंडाला लावू शकत नाही."

ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे १९७२ चा दुष्काळ उभा राहिला. मी तेव्हा पंधरा वर्षांची. आमच्या बीडकडच्या गावात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी येई. थापताना भाकरी तुटायची, तव्यावर फुगायची नाही, ताटात तांबडी ढेप होऊन पडायची. मोठी माणसे म्हणत, हे तिकडे गुराढोरांना घालतात. खरेच होते ते. दुष्काळी कामावरच्या बायांना आणि पोरांना सुकडी मिळे. ती मात्र गोड लागे. मिलोने आम्ही जगलो हे खरे, आणि अजूनही तांबूस भाकरी पानात आली की माझा घास घशाशी अडतो, हेही खरे. मी फोनमध्ये हे सारे सांगितले. फोनने काय भाषांतर केले कोणास ठाऊक, पण आजीबाईंनी माझा हात धरला. आणि मग म्हणाल्या, "तिला खायला लावू नका, आणि खाऊ नको असेही म्हणू नका. तिलाच विचारा."

सूनबाई आणि मी महिन्याचा तक्ता घेऊन बसलो. शाळेत आहार ठरवणाऱ्या बाई असतात, त्यांनाही सूनबाई भेटून आली. त्या म्हणाल्या, एका मुलीसाठी निराळे भांडे चढवता येणार नाही, पण कशात काय आहे ते मी तुम्हाला खरे सांगेन. त्यांनी तसे सांगितले. वीस दिवसांपैकी सहा दिवस भात, पाव, फळ, दूध असे निर्वेध मिळण्यासारखे. आठ दिवस मासा-मांस नाही, पण दाशी आहे. सहा दिवस सरळ मासा किंवा मांस. त्यांतला एक दिवस 'करी राइस'चा. तो पदार्थ जपानी मुलांचा प्राण. इंग्रजांच्या मार्गाने तो तेथे गेला, आणि कणकेने दाट केलेला, गोडसर असा झाला. तोक्योच्या नाकामुराया उपाहारगृहात १९२७ साली खरी हिंदुस्थानी पद्धतीची करी शिकवली ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी. इंग्रजांच्या हातून निसटून ते १९१५ मध्ये जपानात गेले होते आणि त्या दुकानमालकांचे जावई झाले होते. पण शाळेतली करी बोसबाबूंची नव्हे.

त्या सहा दिवसांचा प्रश्न सूनबाईनेच सोडवला. तक्त्यात जे असेल तेच दिसायला सारखे घरी करायचे, आणि ते शाळेच्या वाडग्यात ओतून घ्यायचे. मांसाच्या जागी पनीर किंवा त्यांचे टोफू, माशाच्या जागी बटाट्याची पॅटिस. पोरीच्या हातात वाडगा इतरांसारखाच आणि आतला पदार्थ आईच्या हातचा. यासाठी ती पहाटे साडेचारला उठते. परवा फोनवर म्हणाली, "आई, मला जपानी स्वयंपाक येऊ लागला, फक्त त्यात जपानी काही नसते."

दाशीच्या आठ दिवसांवर मात्र घोडे अडले. मी माझे मत दिले. मी म्हटले, आमटी घेऊ द्यावी. आपल्याकडे एक जुना शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांना निरनिराळे वाढणे हे आपल्या वाडवडिलांनी पाप मानले. बाहेरच्या कित्येकांना आपण पंगतीलाच बसू दिले नाही, हा भाग वेगळा आणि लाजिरवाणा. पण निदान शब्द तरी आपल्यापाशी आहे. पोर ज्या पंगतीत वाढते त्या पंगतीत तिला पान असावे, असे मला वाटते. मी स्वतः ती आमटी घेतली नाही, घेणारही नाही. माझे व्रत माझ्यापुरते आहे आणि ते मी साठ वर्षे समजून केले आहे. तिचे तिने समजून करावे.

सूनबाई दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने मुलीला जवळ बसवून सांगितले, आमटीत काय असते, ते कसे करतात, आपल्याकडे का खात नाहीत, आणि पंढरीच्या वाटेवर तिचे पणजोबा गळ्यात माळ घालून कसे चालत. सगळे सांगून मग विचारले. पोरीने विचार करून सांगितले, "आमटी घेईन. मासा नको." आणि मग, "आई, तू रडू नको."

आता त्या आठ दिवशी संध्याकाळी सूनबाई 'आज काय जेवलीस' असे विचारीत नाही. तिला ते सोपे गेले असे मी म्हणणार नाही. आपल्या मंडळातही मी परत आल्यावर दोघी-तिघींनी मला स्पष्ट बोलून दाखवले की थोरल्या बाईने असा सल्ला द्यायला नको होता. त्या समोरच बसल्या आहेत. त्यांचे म्हणणे मी ऐकले, आणि माझे मत बदललेले नाही. चहाच्या वेळी पुन्हा भांडू.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा एवढेच सांगते आणि खाली बसते. ही जी डबी मी आणली आहे ती शेजारच्या आजीबाईंनी निघताना दिली. उघडून पाहाल तर म्हणाल, हा आपला संक्रांतीचा काटेरी हलवा! याला 'कोन्पेइतो' म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीजांचाच. १५६९ मध्ये लुईस फ्रोइश नावाच्या पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला अशा साखरदाण्यांची काचेची कुपी नजर केली होती. आपण मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस घेऊन चमच्याचमच्याने पाक घालतो आणि बोटे भाजून घेतो. तेथे तिरक्या, फिरत्या कढईत तेच काम दोन-दोन आठवडे चालते. पाक पुन्हा पुन्हा दिल्याने काटा येतो हे दोन्हीकडे सारखेच. यात दाशी नाही, मी विचारून घेतले आहे. निव्वळ साखर आहे, आणि वेलची नाही.

डबी मागच्या रांगेपासून फिरवीत आणा. दोन-दोनच दाणे घ्या, सर्वांना पुरायचे आहेत.